नेख्लूदोव्हास क्षमा आहे काय?

वाचनासाठीं शास्त्रभाग : मत्तय, अध्याय १८ वा, पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत.



उपदेशकांच्या वार्षिक अभ्यासवर्गांत रात्रीचें जेवण आटोपल्यावर ओट्यावर बसून एखादी गोष्ट सांगण्याची आमच्याकडे चाल आहे. मागील वर्गाच्या वेळीं मीं रशियन ग्रंथकार लिओ टॉलस्टॉय यांची ‘पुनरुत्थान’ ही कादंबरी तीन रात्रींत सांगितली. गोष्ट संपली तेव्हां तरुण उपदेशकांपैकीं बहुतेकांचें एकच म्हणणें पडलें : नायकाचा पश्चात्ताप खरा होता, मग त्या स्त्रीनें त्याचा हात धरावयास पाहिजे होता, तिनें तसें केलें नाहीं म्हणून शेवट मनास लागला. तेव्हां भिंतीला टेकून बसलेल्या एक वृद्ध बायबलबाई म्हणाल्या, “पाळकसाहेब, या पोरांना तो साहेब फार आवडला. आवडणारच, तुम्ही तीन रात्री त्याच्याच मनांतलें सांगत होतां. त्या पोरीनें त्याला क्षमा कां करावी, तें कोणीं सांगितलें?”

मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. याच तऱ्हेचा प्रश्न गांवोगांवीं खऱ्या माणसांविषयीं उपदेशकापुढें येत असतो आणि तेथें झालेली चूक पुस्तकांत राहत नाहीं. ती कोणाच्या तरी अंगावर येते. म्हणून तो प्रश्न या पाठासाठीं घेतला आहे. ज्यांनीं ती गोष्ट ऐकलेली नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम ती सांगतों.

दिमित्री नेख्लूदोव्ह हा मोठ्या जहागीरदार घराण्यांतला विद्यार्थी. एकोणीस वर्षांचा असतां एका उन्हाळ्यांत तो आपल्या दोन वृद्ध आत्यांच्या गांवीं राहावयास गेला. त्या घरांत कात्यूशा नांवाची एक अनाथ मुलगी वाढत होती. अर्धी मोलकरीण, अर्धी लेक. दोघांची एकमेकांवर प्रीति जडली व त्या वेळीं ती निर्मळ होती. तीन वर्षांनीं तो लष्करी अधिकारी होऊन पलटणीकडे जातांना पुनः तेथें उतरला. मधल्या काळांत त्याचें मन पार पालटलें होतें. तो ईस्टरचा सण होता. रशियांत ईस्टरच्या मध्यरात्रीं उपासनेच्या वेळीं, ख्रिस्त उठला आहे, असें म्हणून लोक एकमेकांचें चुंबन घेतात, भिकाऱ्याचेंही घेतात. त्या रात्रीं कात्यूशेनेंही तसें केलें आणि तिच्या मुद्रेवरचा निष्पाप आनंद नेख्लूदोव्हानें डोळ्यांनीं पाहिला. त्याच सणाच्या दिवसांत त्यानें तिला भ्रष्ट केलें. निघतांना पाकिटांत शंभर रूबलची नोट घालून ती नको नको म्हणत असतां तिच्याकडे कोंबली, व तो निघून गेला. वाचकांनीं ही शंभराची नोट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

कात्यूशा गरोदर राहिली. लढाईहून परततांना तो आत्यांकडे उतरेल अशी तिला आशा होती. परंतु वेळ नाहीं, अशी त्याची तार आली. त्याची आगगाडी मध्यरात्रीनंतर जवळच्या स्टेशनावर क्षणभर थांबणार होती. शरद ऋतूंतली काळोखी रात्र, पाऊस आणि वारा. स्वयंपाकिणीच्या लहान मुलीला बरोबर घेऊन ती निघाली, वाट चुकली आणि गाडीची दुसरी घंटा झाल्यावर फलाटावर पोंचली. पहिल्या वर्गाच्या डब्यांत दिव्यांचा लखलखाट होता. मखमलीच्या बैठकीवर दोघे अधिकारी पत्ते खेळत होते व नेख्लूदोव्ह कशाला तरी हंसत होता. गारठलेल्या हातानें तिनें कांच वाजविली. तिसरी घंटा झाली, गाडी हालली. ती फलाटाच्या टोंकापर्यंत धांवली. डोक्यावरचा रुमाल वाऱ्यानें उडाला. पुढच्या गाडीखालीं अंग टाकावें असा विचार मनांत आला, तेवढ्यांत पोटांतलें मूल हाललें, म्हणून ती घरीं आली. त्या रात्रीपासून देवावरचा व माणसाच्या चांगुलपणावरचा तिचा विश्वास उडाला. मीं पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या आहेत असें नाहीं, परंतु निर्दयपणाचें इतकें शांत चित्र दुसरें पाहिलें नाहीं. डब्यांतल्या मनुष्यानें कोणास मारलें नाहीं, शिवी दिली नाहीं. बाहेर कोणी उभें आहे हें त्याला ठाऊकही नव्हतें. ठाऊक नसावें अशीच तजवीज त्यानें आधीं करून ठेविली होती.

पुढची कथा तुमच्यापैकीं कित्येकांनीं आपल्या तालुक्यांत निराळ्या नांवांनीं पाहिली असेल. आत्यांनीं घराबाहेर घातलें. मूल अनाथालयांत पाठविलें व तेथें पोंचतांच मेलें. चाकरी धरावी तेथें मालकाची नजर वाईट. शेवटीं ती कुंटणखान्यांत गेली, दारूची संवय लागली. कांहीं वर्षांनीं एका व्यापाऱ्यास विष घातल्याच्या आरोपावरून ती कोर्टांत उभी राहिली. वास्तविक झोपेचें औषध म्हणून दुसऱ्यांनीं दिलेली पूड तिनें त्याला दिली होती. ज्यूरींत नेख्लूदोव्ह बसला होता. त्यानें तिला ओळखलें. ज्यूरीनें लेखी उत्तर देतांना ‘जीव घेण्याचा हेतु नव्हता’ हे शब्द घालावयाचे राहिले आणि त्या हलगर्जीपणामुळें तिला सैबेरियांत चार वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली. तेथून नेख्लूदोव्हाचें मन जागें होतें आणि पुस्तकाचा उरलेला मोठा भाग त्या जागृतीचाच आहे.

ही सर्वच कल्पना नव्हे. १८८७ सालीं कोनी नांवाच्या कायदेपंडितानें टॉलस्टॉय यांस अशीच एक घडलेली हकीकत सांगितली होती; त्या हकीकतींतली स्त्री लग्नापूर्वींच तुरुंगांत टायफस तापानें मेली. कादंबरी १८९९ सालीं प्रसिद्ध झाली व तिचें उत्पन्न दुखोबोर पंथाच्या छळ सोसणाऱ्या लोकांस कॅनडांत नेण्याच्या कामीं दिलें गेलें.

असला नायक आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यांत रंगभूमीवर आलें, आणि दुष्यंत-शकुंतलेची कथा त्याच्याही पूर्वीपासून मराठी माणसाच्या कानांवर आहे. भरल्या दरबारांत गरोदर पत्नीस ओळख न देणारा राजा प्रेक्षकांस शेवटीं प्रियच वाटतो. कां? तर कालिदासानें मध्यें दुर्वासाचा शाप व हरवलेली अंगठी आणिली आहे. राजा विसरला, त्याला तो काय करील! परंतु महाभारताच्या आदिपर्वांत शापही नाहीं, अंगठीही नाहीं. तेथें शकुंतला मुलाला घेऊन येते. राजास सर्व आठवत असतें व आठवत असतांनाच तो तिला खोटी ठरवितो. आकाशवाणी झाल्यावर मग तो सांगतो कीं, लोकांनीं शंका घेऊं नये म्हणून आपण तसें बोललों. कालिदासाला हा राजा नायक म्हणून चालण्यासारखा वाटला नसावा. त्यानें राजाचें पाप कथेंतूनच उचलून बाजूस ठेविलें. नाटक या नात्यानें तें फार सुंदर आहे. पण जेथें अपराधच उरला नाहीं तेथें क्षमेला काय काम? शेवटच्या अंकांत राजा पायां पडतो, तेव्हां शकुंतला उलट आपल्याच पूर्वकर्मास दोष देते.

टॉलस्टॉय यांनीं नेख्लूदोव्हास शाप दिला नाहीं. तो बिचारा स्वतःच एक शोधून काढतो. माझ्या मित्रांनीं हेंच केलें, बापानेंही केलें, सर्वच असें करतात, मग त्यांत विशेष काय? या विचारानें त्यानें इतकीं वर्षें आपला डोळा झांकून घेतला. आपल्या गांवच्या पंचांतही हा शाप चांगला चालतो. ‘पुरुषाची जात आहे’, ‘दारू त्याच्या पोटांत बोलत होती’, ‘वय तसलें होतें’ अशीं त्याचीं नांवें आहेत. उपदेशकानें येथें सावध असावें. सबब मान्य केली कीं मनुष्य निर्दोषी ठरतो, आणि निर्दोषी मनुष्याला क्षमा मागण्याचें कारणच राहत नाहीं. ज्याला सबब मिळाली त्याची क्षमा हुकली, असें मला वाटतें.

आतां तुरुंगांतल्या भेटी पाहा. नेख्लूदोव्ह पहिल्यानें भेटावयास जातो तेव्हां कात्यूशा त्याला एक पैसेवाला मनुष्य म्हणून ओळखते व दारूसाठीं दहा रूबल मागते. मुलाविषयीं तो विचारतो. तें तेव्हांच मेलें, देवाची कृपा, एवढ्यांत ती उरकते. पुढच्या एका भेटींत तो म्हणतो कीं, मी तुझ्याशीं लग्न करून पापाचें प्रायश्चित्त घेणार. तेव्हां ती खवळून उठते. तिच्या बोलण्याचा भाव असा : या जगांत तूं माझ्यापासून सुख घेतलेंस, आतां परलोकांतली तुझी सोयही माझ्याच जिवावर करून घेणार काय? ती त्या शंभराच्या नोटेची आठवण त्याच्या तोंडावर फेंकते.

आमच्या तरुणांस हें बोलणें कठोर वाटलें. मला तें पुस्तकांतलें सर्वांत खरें बोलणें वाटतें. पहिल्या नोटेनें त्यानें आपली सुटका विकत घेतली होती; आतां लग्नाच्या वचनानें तीच खरेदी पुनः करूं पाहत होता. स्वतःच्या पश्चात्तापावर तो कसा मनांतल्या मनांत खूष होतो, आपल्याच चांगुलपणानें त्याच्या डोळ्यांस पाणी कसें येतें, हें टॉलस्टॉय लपवीत नाहींत. पुढें कात्यूशा तुरुंगाच्या दवाखान्यांत कामास लागते, दारू सोडते. तेथील एका कंपाउंडरशीं तिचें सूत असल्याची खोटी वार्ता नेख्लूदोव्हाच्या कानीं येते, आणि तो ती खरी मानून दुखावतो! क्षमा मागावयास आलेला मनुष्य अजून तिच्यावर विश्वास टाकावयास तयार नव्हता.

येथें मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सेमिनरींतून नुकताच बाहेर पडून मी एका भागांत नेमला गेलों होतों. एका घरांत नवऱ्यानें बायकोला मारून बाहेर काढलें. ती दोन लेंकरें घेऊन माहेरीं गेली. पंधरा दिवसांनीं तो मनुष्य माझ्या ओसरीवर येऊन रडला. त्याचें रडणें खोटें होतें असें मी आजही म्हणत नाहीं. त्याच सायंकाळीं मंडळींतल्या दोघां वडिलांना घेऊन मी तिच्या माहेरीं गेलों, मत्तयाचा १८ वा अध्याय उघडला, २१ व्या वचनापासून वाचलें, आणि किती वेळां क्षमा करावी या पेत्राच्या प्रश्नावर व प्रभूच्या उत्तरावर बोट ठेवून, ‘मीं क्षमा केली’ असें तिच्याकडून बोलवून घेतलें. ती बोलली. तिच्या आईनें मुकाट्यानें भाकरी बांधून दिली. चार महिन्यांनीं ती परत आली तेव्हां तिचा डावा हात गळ्यांत बांधलेला होता. ती माझ्याकडे आली नाहीं. परस्पर माहेरीं गेली. पुढें उपासनेस येत असे, परंतु मीं शुभवर्तमान वाचावयास घेतलें कीं मान खालीं घालीत असे.

मी त्या दिवशीं २१ व्या वचनापासून वाचलें, हें माझ्या नंतर लक्षांत आलें. तो अध्याय तेथें सुरू होत नाहीं. आरंभीं प्रभु एका लहान मुलाला मध्यें उभें करितो. ६ व्या वचनांत, अशा लहानांतल्या एकाला जो पाडील त्याच्या गळ्यांत जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रांत बुडविणें बरें, असें तो म्हणतो. पुढें चुकलेल्या मेंढराचा शोध आहे. मग १५ ते १७ या वचनांत, भावानें अपराध केला तर एकांतांत त्याच्या पदरीं त्याचा दोष घालावा, न ऐकल्यास एकदोन साक्षीदार न्यावे, तरीही न ऐकल्यास मंडळीस सांगावें, असा क्रम आहे. एवढें सर्व झाल्यावर पेत्राचा प्रश्न येतो. आम्ही पाळक लोक जात्याची तळी ओलांडून, साक्षीदारांस ओलांडून, एकदम शेवटच्या दाखल्यावर येतों, आणि तो दाखला मार खाल्लेल्या बाईस वाचून दाखवितों. जणूं काय निर्दय चाकर तीच!

तो दाखलाही नीट पाहावा. मोठ्या चाकराला कधीं न फिटण्यासारखें ऋण सोडलें गेलें. त्याच्या सोबत्याकडे शंभर दीनार होते. दीनार म्हणजे त्या काळीं मजुराची एक दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी ही आपल्या वस्तींत कोणी थोडकी म्हणणार नाहीं. तिचा अपमान लहान आहे, तिची दुखापत क्षुल्लक आहे, असें प्रभूनें तेथें म्हटलेलें नाहीं. ऋण सोडणारा ऋणाचा आंकडा जाणून तें सोडतो. मीं त्या बाईला आंकडा काढूंच दिला नाहीं. नवऱ्याच्या रडण्याची किंमत तिच्या हातून भरविली. आतां मी अशा प्रसंगीं प्रथम पाहतों कीं, ती व मुलें आज रात्रीं कोठें निजणार आणि तेथें तो मनुष्य जाऊं शकतो कीं नाहीं. २००५ सालच्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानें अशा स्त्रीस न्यायाधीशाकडून संरक्षणाचा हुकूम मागतां येतो, हेंही उपदेशकास ठाऊक असावें. क्षमा तिची आहे. ती ती आपल्या वेळीं देईल किंवा देणार नाहीं. त्यासाठीं तिच्या दाराशीं तगादा लावणें आपलें काम नव्हे.

मग नेख्लूदोव्हास क्षमा आहे कीं नाहीं? ‘तो पात्र आहे काय’ असें विचारलें तर, नाहीं. पात्रतेनें मिळते ती मजुरी. परंतु त्याच्यासाठीं मार्ग बंद आहे असेंही टॉलस्टॉय म्हणत नाहींत, व मीही म्हणणार नाहीं. तो मार्ग कात्यूशेच्या अंगावरून जात नाहीं एवढेंच. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर त्याचा तो मखमलीचा डबा चालत होता, ती जमीन तो सोडावयास निघतो. एका गांवीं सभोंवारच्या खंडापेक्षां कमी खंडानें ती कुळांस देतो. आणि जेथें आत्यांचें घर होतें त्या गांवीं, अमेरिकन ग्रंथकार हेन्री जॉर्ज यांच्या योजनेप्रमाणें, जमिनीचा खंड गांवकऱ्यांच्याच सामाईक कामास लागावा अशी व्यवस्था करितो. कुळांस यांत कांहीं तरी डाव असावा असें वाटतें, तेंही साहजिकच. त्याच गांवीं तो कात्यूशेच्या मावशीच्या झोंपडींत जाऊन आपल्या मुलाचें काय झालें हें ऐकून घेतो. त्या मुलाजवळ क्षमा मागण्यास पृथ्वीवर आतां ठिकाण नाहीं, आणि ज्याची भरपाई होत नाहीं असेंही ऋण असतें, हें त्याला तेथें कळतें. जक्कय झाडावरून उतरला तेव्हां त्यानेंही प्रथम अर्धें धन आणि चौपट भरपाई यांची गोष्ट काढली होती.

तो तिच्यामागून सैबेरियापर्यंत जातो. वाटेंत त्याचें स्वतःकडे पाहणें हळूहळू कमी होतें व बेड्यांतल्या इतर माणसांकडे पाहणें वाढतें. कात्यूशेचाही राग निवळतो; ती त्याच्यावर पुनः प्रीति करूं लागली आहे हें वाचकांस समजतें. शेवटीं त्यानें केलेल्या अर्जावरून तिची सक्तमजुरी माफ होते. आतां लग्नास कांहीं आड नाहीं. पहिल्या मसुद्यांत टॉलस्टॉय यांनीं दोघांचें लग्न लावलेंही होतें. मग त्यांनीं तें काढून टाकलें. आणि त्यांत त्यांनीं मोठा न्याय केला असें माझें मत आहे. कात्यूशा सिमोन्सन नांवाच्या एका राजकीय कैद्याबरोबर जाण्याचें ठरविते. सिमोन्सनची तिच्यावर प्रीति आहे, पण तिच्याकडून त्याला कसलेंही प्रायश्चित्त करून घ्यावयाचें नाहीं. नेख्लूदोव्हाच्या हातीं ती पडत नाहीं, आणि तरीही त्याचा उद्धार अडत नाहीं. त्याच रात्रीं एका इंग्रज प्रवाशानें दिलेलें शुभवर्तमान तो उघडतो, आणि उघडतो तों मत्तयाचा हाच १८ वा अध्याय. तो आरंभापासून वाचतो.

त्यापूर्वीं झालेल्या निरोपाविषयीं एक गोष्ट बायबलबाईंच्या प्रश्नासाठीं सांगावयाची राहिली. आपल्याकडे निरोप घेतांना ‘जातें’ न म्हणतां ‘येतें’ म्हणतात. रशियन भाषेंत निरोपाचा शब्द आणि ‘क्षमा करा’ हा शब्द एकाच मुळापासून निघालेले असून उच्चारांत थोडाच फरक आहे. कात्यूशा शेवटीं बोलली तेव्हां तिच्या तोंडून निरोपाचा शब्द निघाला नाहीं, क्षमेचा निघाला. तिनें त्याला कां सोडलें, तें नेख्लूदोव्हास तिच्या त्या एका शब्दावरून व मुद्रेवरून समजलें : त्याच्यावर प्रीति होती म्हणूनच ती त्याला मोकळा करून जात होती. कोणीं तिला बोलावयास लाविलें नव्हतें. मध्यें पाळक नव्हता, पंच नव्हते.

हें मीं त्या बाईंना दुसऱ्या दिवशीं सकाळीं सांगितलें. त्यांनीं विचारलें, “आणि सैबेरियांत ती सुखी झाली का?” मीं म्हटलें, पुस्तक तेथें तिच्याविषयीं संपतें. “मग टॉलस्टॉयसाहेबांनींसुद्धां शेवटचें पान त्यालाच दिलें,” असें त्या म्हणाल्या. आणि याचेंही उत्तर माझ्याजवळ नव्हतें.

पुढील आठवड्याच्या पाठासाठीं उत्पत्तीचे ४२ ते ४५ हे अध्याय वाचून यावें. योसेफानें भावांस ओळख देण्यापूर्वीं त्यांना किती वेळां परत पाठविलें, आणि त्या अवधींत यहूदा कसा पालटला, तें आपणांस पाहावयाचें आहे.